गाडी आमची, बिल चोराचं

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडक्यात देतो.

"पाच आठवड्यांपूर्वी आमची स्कूटर चोरीला गेली. आरसी वडिलांच्या नावावर आहे. त्याच दिवशी एफआयआर नोंदवला, त्यानंतर काहीच कळलं नाही. परवा एका गॅरेजवाल्याचा फोन आला. कोणीतरी ही स्कूटर त्याच्याकडे इंजिनकामाला टाकून गेला. काम होऊन बरेच दिवस झाले तरी तो न्यायला आला नाही, फोनही बंद. सीटखाली आमचं जुनं सर्व्हिस बुक सापडलं, त्यावरचा नंबर बघून त्याने वडिलांना फोन केला. आम्ही जाऊन पाहिलं. नंबर प्लेट दुसरीच लावलेली आहे, पण गाडी आमचीच. पुढच्या मडगार्डवरचा ओरखडासुद्धा तोच. गॅरेजवाला म्हणतो, 'मेहनत केली, पार्ट टाकले, वर इतके दिवस जागा अडली. बिल भरा, गाडी न्या.' वडिलांचं म्हणणं, भल्या माणसाने आपणहून फोन केला, पैसे देऊन टाकू. भाऊ म्हणतो, दुसरी किल्ली आपल्याकडेच आहे, पहाटे जाऊन गाडी काढून आणू. पोलीस ठाण्यात गेलो तर 'हे दिवाणी आहे, तुमचं तुम्ही मिटवा' असं ऐकून परत आलो. चोराचं बिल आम्ही का भरायचं?"

ताई,

आधी भावाला थांबवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

त्याचा राग मला समजतो. आपलीच गाडी, आपलीच किल्ली, मग आणायला कोणाची परवानगी कशाला? गंमत म्हणजे हा प्रश्न कायद्याला फार जुना आहे. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या व्याख्येखाली काही उदाहरणं दिली होती. ती आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालीही आहेत. त्यातलं एक घड्याळाचं आहे. माणूस आपलं घड्याळ दुरुस्तीला देतो. तो दुकानदाराचं काही देणं लागत नाही, आणि तरी दुकानात शिरून ते त्याच्या हातातून हिसकावून नेतो. कायदा म्हणतो, ही चोरी नाही, पण आगळीक करून आत शिरणं आणि हमला हे गुन्हे त्याच्यावर लागू शकतात. पुढच्याच उदाहरणात तो दुरुस्तीचे पैसे देणं लागतो, दुकानदाराने त्यापोटी घड्याळ तारण म्हणून रीतसर अडवून ठेवलं आहे, आणि हा ते तारण त्याच्या हातून काढून घ्यायच्या हेतूने घेऊन जातो. इथे मात्र स्वतःचंच घड्याळ नेऊनही तो चोर ठरतो.

तुम्ही गॅरेजवाल्याचं देणं लागत नाही असं माझं मत आहे. का, ते पुढे सांगतो. पण पहाटे शटर उचकटताना तुमचा भाऊ त्या गल्लीतल्या सीसीटीव्हीत दिसला, तर त्याला हे सगळं ठाण्यात बसून समजावून सांगावं लागेल, आणि तेही तुम्ही फिर्यादी असलेल्या गुन्ह्यात.

आता बिलाचं. गॅरेजवाला जे म्हणतो त्याला कायद्यात जागा आहे, तो हवेत बोलत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम १७०. एखादी वस्तू कामासाठी आपल्याकडे दिली गेली आणि तिच्यावर आपण मेहनत किंवा कौशल्य खर्च केलं, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. पुस्तकात याला धारणाधिकार म्हणतात, कोर्टात सगळे 'लीन' म्हणतात. तुम्ही स्वतः स्कूटर टाकली असती आणि बिल पटलं नाही म्हणून भांडला असता, तर मी तुम्हाला त्याच्याविरुद्ध काही सांगितलं नसतं.

पण हा हक्क त्याच्याकडे आला कुठून? ज्याने गाडी टाकली त्याच्याकडून. आणि ज्याने टाकली त्याच्यापाशी तुमच्या गाडीवर कसलाही हक्क नव्हता, ना विकण्याचा, ना गहाण टाकण्याचा, ना कोणाला अडवू देण्याचा. आडातच नाही ते पोहऱ्यात येणार नाही. गॅरेजवाल्याची मजुरी खरी आहे, पण ती ज्याने काम सांगितलं त्याच्याकडून घ्यायची आहे. तुम्ही त्याला काम सांगितलं नव्हतं, तुमच्या वतीनेही कोणी सांगितलं नव्हतं.

इथे एक फरक लक्षात ठेवा, कारण या विषयावरच्या पत्रांत घोळ बहुतेक इथेच असतो. गाडी चोराने नेली आणि गाडी भाच्याने नेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्या माणसाने, ड्रायव्हरने किंवा आपण ज्याच्या हातात किल्ली दिली त्या मित्राने गाडी बिघडल्यावर गॅरेजला टाकली, तर ती तुमच्याच संमतीने टाकल्यासारखी धरली जाऊ शकते, आणि तिथे 'मला विचारलं नव्हतं' एवढं म्हणून भागत नाही. तुमच्या बाबतीत एफआयआर त्याच दिवशीचा आहे, म्हणून तुमची बाजू स्वच्छ आहे.

'जागा अडली' याचे पैसेही तो मागतोय. कलम १७० मेहनत आणि कौशल्याबद्दल बोलतं. गाडी कोपऱ्यात उभी राहिली यात कौशल्य काही नाही. कोणी त्याला सल्ला देईल की 'मला सापडलेली वस्तू मी सांभाळली' असं म्हण. सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्यासाठी कलम १६८ आहे खरं, पण त्याला गाडी सापडली नाही, ती एका गिऱ्हाइकाने हातात दिली. राहिलं कलम ७०, म्हणजे दुसऱ्याच्या कामाचा फायदा उपटला तर मोबदला द्यावा. त्याने काम चोरासाठी केलं, तुमच्यासाठी नाही, त्यामुळे हा मुद्दाही लंगडाच आहे. आणि समजा तो त्यावर दावा लावायला गेला, तरी तो पैशाचा वेगळा दावा झाला. त्या कलमात गाडी दाबून ठेवायची मुभा नाही.

आता तुमच्या वडिलांचं. ते भले गृहस्थ आहेत आणि त्यांचं निम्मं बरोबर आहे. फक्त वेळ चुकते आहे. आज बिल भरून स्कूटर घरी आणली तर काय होईल? पोलिसांच्या नोंदीत ती चोरीचीच राहील. एखाद्या नाकाबंदीत चेसिस नंबर तपासला की वडिलांनाच उतरवून बाजूला घेतील. गुन्ह्यातला मुद्देमाल परस्पर हलवला, त्यावरची खोटी नंबर प्लेट कुठे गेली, ती कोणी काढली, याला उत्तर नाही. आणि ज्याने चोरली त्याच्यापर्यंत जाणारा एकमेव धागा त्या गॅरेजमध्ये आहे, तो तिथेच तुटेल. जॉब कार्डवर त्याने काहीतरी नाव दिलं असेल, मोबाइल नंबर दिला असेल. नाव खोटं असेलही, पण नंबर कुठल्यातरी सिमचा असतो. गॅरेजात किंवा समोरच्या दुकानात कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, जुन्यावर नवं चढतं. पाच आठवड्यांतले किती दिवस शिल्लक आहेत ते मला इथून दिसत नाही, म्हणून घाई करा.

घाई करण्याचं दुसरं कारण मला जास्त काळजीचं वाटतं. उद्या तो माणूस खरंच आला आणि पैसे टाकून गाडी घेऊन गेला तर? करार अधिनियमाचं कलम १६६ सांगतं की वस्तू देणाऱ्याचा तिच्यावर हक्क नव्हता, पण ज्याच्याकडे ती होती त्याने सद्भावनेने ती देणाऱ्याला परत केली, तर खऱ्या मालकाला तो जबाबदार नाही. या कलमातला सगळा जीव 'सद्भावनेने' या शब्दात आहे. गॅरेजवाल्याला गाडी चोरीची आहे हे लेखी कळवलंत की त्यानंतर ती चोराच्या हातात देणं सद्भावनेत बसवणं त्याला जवळजवळ अशक्य होतं. तोंडी सांगितलेलं उद्या नाकारता येतं. म्हणून आजच एक पानाचं पत्र लिहा, वडिलांच्या सहीचं. गाडीचा खरा नोंदणी क्रमांक, चेसिस नंबर, इंजिन नंबर, गुन्ह्याचा क्रमांक आणि पोलीस ठाणं. खाली एक वाक्य: ही गाडी पोलिसांशिवाय कोणाच्याही ताब्यात देऊ नये. दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घ्या. देत नसेल तर त्याच मजकुराचा व्हॉट्सॲप करा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा.

भाषा सौम्य ठेवा. 'चोरीचा माल बाळगतोस, आत टाकीन' असं कृपया लिहू नका. चोरीची मालमत्ता अप्रामाणिकपणे घेणं किंवा ठेवून घेणं याला न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे हे खरं. पण त्यासाठी ती चोरीची आहे हे माहीत असणं किंवा तसं मानायला कारण असणं लागतं. या माणसाने आपणहून फोन केला. ज्याच्या मनात काळं असतं तो सर्व्हिस बुक फेकून देतो आणि गाडी सुट्ट्या भागांत विकतो. त्याला आरोपी करायला गेलात तर पुढे लागणारा साक्षीदार गमवाल. सगळं कळल्यावर, पोलीस आल्यावरही तो गाडी लपवायला लागला, तर गोष्ट वेगळी.

ओळख पटवायची तर मडगार्डवरच्या ओरखड्यावर थांबू नका. प्लेट बदलता येते, रंगही बदलता येतो. चेसिसवर ठोकलेला नंबर पुसायला मात्र घासावं लागतं आणि घासलेलं दिसतं. तो नंबर तुमच्या मॉडेलमध्ये कुठे असतो ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तिथे बहुधा ग्रीस आणि धुळीचा थर असेल. रॉकेलचा बोळा फिरवा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा म्हणजे आकडे उठून दिसतात, आणि फोटो काढा. जमलं तर पातळ कागद ठेवून पेन्सिलने घासून छाप घ्या, आरटीओत घेतात तशी. मग आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा. हे गॅरेजवाल्यासमोर, त्याला सांगून करा. आणि खोट्या प्लेटचाही फोटो घ्या. तो नंबर बहुधा कुठल्यातरी दुसऱ्या माणसाच्या गाडीचा आहे, आणि तुमच्या चोराने तोडलेल्या सिग्नलांची ई-चलानं त्या बिचाऱ्याला जात असतील.

आता 'दिवाणी आहे, तुमचं तुम्ही मिटवा'. हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलं आहे की ठाण्याच्या भिंतीवर रंगवून ठेवलं असेल असं वाटायला लागलं आहे. बिलाचा वाद दिवाणी असेलही. गाडीची चोरी दिवाणी नाही, तिचा गुन्हा त्यांच्याच वहीत नोंदलेला आहे. तुम्ही ठाण्यात गेलात तेव्हा बहुतेक गॅरेजवाला आणि बिल यावर बोललात, म्हणून समोरच्या अंमलदाराने तेवढंच ऐकलं. पुन्हा जा आणि बिलाचा ब सुद्धा काढू नका. तपास अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या, त्यांच्याच भाषेत (गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, आणि नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे पोलीस व फौजदारी कोर्टाच्या कामकाजाचा कायदा):

"गु.र.नं. अमुक मधील चोरीस गेलेली आमची स्कूटर अमुक पत्त्यावरील गॅरेजमध्ये मिळून आली आहे. चेसिस नंबर जुळतो. सदर वाहन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०६ अन्वये जप्त करून पंचनामा व्हावा, तसेच वाहन दुरुस्तीस देणाऱ्या इसमाचा तपशील व सीसीटीव्ही चित्रण ताब्यात घ्यावे, ही विनंती."

चोरीची असल्याचा आरोप किंवा नुसता संशय असलेली वस्तूही या कलमाखाली पोलीस जप्त करू शकतात, त्यासाठी कोर्टाचा आदेश लागत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. गॅरेज दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असलं तरी अर्ज मूळ ठाण्यातच द्या, कारण गुन्हा त्यांच्याकडे आहे. मधल्या काळात तपास लागत नाही म्हणून त्यांनी प्रकरण 'अ समरी'ला पाठवलं असेल, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही असा अहवाल दिला असेल, तर तेही विचारून घ्या. गाडी मिळाली म्हटल्यावर ते पुन्हा उघडावं लागतं. दाद लागली नाही तर हाच अर्ज पोचेच्या प्रतीसह पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असाल तर उपायुक्तांकडे. गाडी कोणी हलवतंय अशी कुणकुण लागली तर मात्र अर्जाची वाट न बघता ११२ लावा.

पोलीस जातील तेव्हा वडिलांनी किंवा तुम्ही हजर राहा. पंचनाम्यात किलोमीटरचा आकडा, टायरची अवस्था, आरसे, बॅटरी, खोटी प्लेट, सर्व्हिस बुक हे सगळं उतरतंय का ते बघा. 'एक जुनी वापरती स्कूटर' एवढ्यावर बोळवण होऊ देऊ नका. जुने काढलेले पार्ट गॅरेजात असतील तर तेही त्यात येऊ द्या. याचा उपयोग शेवटी सांगतो.

इथून पुढचा टप्पा लोकांना सगळ्यात नकोसा वाटतो: गाडी गॅरेजातून निघते आणि ठाण्याच्या आवारात जाते. ते आवार तुम्ही पाहिलं असेल. टाकीवर पांढऱ्या रंगात गुन्ह्याचा नंबर, सीटचा स्पंज उंदरांनी काढलेला, चाकाच्या आऱ्यांतून वर आलेलं गवत. आपली गाडी तिथे जाणार या कल्पनेनेच वडील म्हणत असतील की त्यापेक्षा बिल भरू. पण गाडी तिथे खितपत पडलीच पाहिजे असं नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट सांगितलं की जप्त वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात काही अर्थ नाही. पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि गाडी हक्कदाराला द्या. नागरिक सुरक्षा संहितेने त्यापुढे जाऊन दिवस घालून दिले आहेत. कलम ४९७ नुसार मुद्देमाल कोर्टापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचं विवरण तयार व्हायचं असतं, आणि ते विवरण व फोटो झाल्यावर ३० दिवसांत तो कोणाला द्यायचा याचा आदेश.

गाडी जप्त झाली की लगेच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा, कलम ४९७ आणि ५०३ खाली. अर्जदार वडील, कारण आरसी त्यांच्या नावावर आहे. धावपळ तुम्ही करा, सही त्यांची. सोबत आरसी, विमा, एफआयआर, पंचनाम्याची प्रत आणि ओळखपत्र. कोर्ट तपास अधिकाऱ्याचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. कारकून तुम्हाला 'से आला का?' असं विचारेल, तो 'से' म्हणजे हेच म्हणणं. बऱ्याचदा तारीख त्या एका कागदासाठी पुढे जाते, म्हणून ठाण्यात जाऊन तो गेला का याचा पिच्छा पुरवा. आदेशात बंधपत्राची रक्कम असेल आणि अटी असतील: गाडी विकायची नाही, रंगरूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची. याला सुपूर्तनाम्यावर गाडी सोडणं म्हणतात. गॅरेजवाला इथे येऊन हरकत घेऊ शकतो. घेऊ द्या. कोर्टाला बघायचं असतं ते गाडीवर हक्क कोणाचा, आणि तुमच्यासमोर दुसरा हक्कदार म्हणून चोर काही उभा राहणार नाही.

विम्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. चोरीचा दावा केला असेल तर कंपनीला गाडी मिळाल्याचं आजच कळवा. दाव्याचे पैसे मिळाले असतील तर थांबा, कारण मग गाडीवर कंपनीचा हक्क येतो आणि अर्जही तिनेच करायचा. पैसे मिळाले नसतील आणि पॉलिसी चोरी धरणारी असेल, तर चोराने केलेल्या नुकसानीचा दावा लागू शकतो. त्यासाठी सर्व्हेअरने गाडी बघेपर्यंत नवं काम काढू नका. कर्ज अजून फिटायचं असेल तर बँकेलाही एक ओळ टाका.

हे सगळं करूनही काही कारणाने पैसे टाकूनच गाडी सोडवायची वेळ आली, तर निदान मुकाट्याने टाकू नका. पावतीवर लिहा: 'रक्कम मान्य नाही, हक्क राखून, गाडी अडवून ठेवल्यामुळे देत आहे.' जबरदस्तीने घेतलेले पैसे परत करावे लागतात, असं करार अधिनियमाचं कलम ७२ सांगतं. पण ही वेळ येऊ नये म्हणूनच वरची उठाठेव.

राहिले वडील, आणि गॅरेजवाल्याचा तो फोन. त्याने फोन केला नसता तर आज हे पत्र तुम्ही लिहिलंच नसतं, ही गोष्ट मलाही सोडवत नाही. म्हणून वडिलांना सांगा: कोर्टाचा आदेश हातात आला, स्कूटर घरी आली, की तुम्ही दोघं सावकाश त्या गॅरेजात जा. पंचनाम्यातल्या यादीवरून जुने पार्ट आणि नवे पार्ट समोरासमोर मांडा. जे खरंच बदललंय आणि आता तुमच्या गाडीत फिरतंय, त्याच्या किमतीपोटी काही द्यावंसं वाटलं तर द्या, वडिलांच्या नावाची पावती घेऊन, आपल्या खुशीने. जागेचं भाडं नाही, आणि चोराने सांगितलेल्या कामाची मजुरी नाही. आणि त्याच फेरीत त्याच्याकडूनच स्कूटरचं लॉक बदलून घ्या. पहिली किल्ली अजून चोराच्या खिशात आहे.